पोराचं स्टेटस आणि ठाण्याचं बोलावणं

*'मॅडम, नमस्कार. मी अंगणवाडी सेविका आहे, आमचं गाव तासगाव तालुक्यात. मुलगा वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या आठवड्यात त्यानं व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरचा फोटो आणि खाली दोन ओळी: "रस्ता राहिला कागदावर, साहेब चढले बॅनरवर. कंबर मोडली गावाची, बिल लावा साहेबांच्या नावावर." कुणीतरी स्क्रीनशॉट काढून आमच्या गावच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपचे ॲडमिन मुलाचे वडीलच. साहेबांच्या एका कार्यकर्त्यानं ठाण्यात अर्ज दिलाय, भावना दुखावल्या, समाजात तेढ निर्माण होतेय म्हणून. परवा हवालदारांचा फोन आला, "सोमवारी पोराला घेऊन या, फोन आणा, लॉक काढून ठेवा." मुलाचे वडील म्हणतात, फोन पूर्ण पुसून टाकू आणि साहेबांच्या ऑफिसात जाऊन पाय धरू. शेजारचे म्हणतात, आता पासपोर्ट नाही आणि नोकरी नाही. पोरगं जेवत नाही. काय करावं? – एक आई'*

ताई, नमस्कार.

ओळी मी दोनदा वाचल्या. यमक बरं जुळलंय, आणि गुन्हा मला त्यात कुठे दिसला नाही. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक मुलगा जे बोलला त्याचा, दुसरा त्याच्या फोनचा. पहिल्यावर आपली न्यायालयं बऱ्यापैकी स्पष्ट बोललीत. दुसऱ्यावर अजून बरंच धूसर आहे. म्हणून स्टेटसची काळजी कमी करा आणि फोनची जास्त. तुमच्या घरात सध्या नेमकं उलटं चाललंय.

आधी ती 'तेढ' पाहू. भारतीय न्याय संहितेतलं कलम 196, म्हणजे जुनं 153-अ. धर्म, जात, भाषा, प्रांत अशा कारणांवरून गटागटांत वैर पेटवणं, असा हा गुन्हा. त्यासाठी गट लागतात. सुप्रीम कोर्टानं 1997 सालीच म्हटलंय की निदान दोन समाज समोरासमोर उभे राहिले पाहिजेत, एकाच्या भावना दुखावल्या एवढ्यानं हे कलम लागत नाही. तुमच्या मुलाच्या ओळींत एक रस्ता आहे, एक साहेब आहेत आणि एक गाव आहे. साहेब कितीही मोठे असले तरी ते एकटे म्हणजे समाज नव्हेत. आणि 'भावना दुखावल्या' हे कलम 299, जुनं 295-अ, फक्त धार्मिक भावनांसाठी आहे, तेही मुद्दाम, दुष्ट हेतूनं केलं असेल तर. कार्यकर्त्यांच्या भावनांसाठी संसदेनं अजून कलम केलेलं नाही.

ओळी कुणाच्या नजरेनं वाचायच्या, याचंही उत्तर ठरलेलं आहे, आणि ते आपल्याकडचंच आहे. 1946 साली नागपूरच्या हायकोर्टात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं की शब्दांचा परिणाम मोजताना समंजस, खंबीर आणि धीट माणूस डोळ्यांसमोर ठेवायचा. डळमळीत मनाचा, कशातही संकट पाहणारा माणूस नव्हे. सुप्रीम कोर्ट आजही तोच निकष वापरतं.

तो अलीकडे कुठे वापरला ते तुमच्या वकिलांना जरूर सांगा, कारण प्रकरण तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या प्राध्यापकानं ऑगस्ट 2022 मध्ये व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं. 370 कलम हटवलं तो काळा दिवस, आणि 14 ऑगस्टला पाकिस्तानला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. हातकणंगले ठाण्यात 153-अ खाली गुन्हा दाखल झाला. मुंबई हायकोर्टानं एप्रिल 2023 मध्ये तो रद्द करायला नकार दिला. सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी 7 मार्च 2024 ला तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर नाराजी दाखवणं, निषेध करणं हा नागरिकाचा हक्क आहे, दुसऱ्या देशाला शुभेच्छा देण्यात वैर नाही, आणि बोलण्याच्या स्वातंत्र्याला मर्यादा कितपत घालता येते हे आता पोलिसांनाही शिकवायची वेळ आली आहे, असं त्या निकालात स्पष्ट लिहिलंय. पाकिस्तानला शुभेच्छा देणारं स्टेटस जिथे टिकलं, तिथे खड्ड्यावरच्या ओळी टिकायला हरकत नसावी.

याच दोन न्यायमूर्तींनी 28 मार्च 2025 ला आणखी एक निकाल दिला. खासदार इम्रान प्रतापगढी यांनी एका कवितेसह व्हिडिओ टाकला म्हणून जामनगरला गुन्हा नोंदवला होता. कोर्टानं तो रद्द केला आणि पोलिसांसाठी पुढचा नियमही सांगितला. बोलण्या-लिहिण्याबद्दलची तक्रार असेल आणि कलम तीन ते सात वर्षं शिक्षेचं असेल, तर थेट एफआयआर न फाडता नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(3) खाली आधी प्राथमिक चौकशी करणं योग्य. त्यासाठी उपअधीक्षकांची परवानगी लागते आणि चौदा दिवसांत ती संपवायची असते. 196 ची शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, म्हणजे तुमचं प्रकरण याच खणात बसतं. तुमच्या पत्रात फक्त 'अर्ज' आहे, एफआयआरचा उल्लेख नाही. कदाचित ठाण्यातले साहेब तेच करत असतील. तसं असेल तर चांगलंच आहे, त्यांना चौकशी करू द्या.

आता कडू भाग. त्या प्राध्यापकाला न्याय मिळाला, पण दीड वर्षानं, दिल्लीपर्यंत जाऊन. आपल्याकडे या गुन्ह्यांत शिक्षा फारशा होत नाहीत, हेलपाटे होतात. म्हणून 'कायदा आपल्या बाजूनं आहे' एवढ्यावर निर्धास्त राहू नका. सोमवारी ठाण्यात काय लिहून द्याल आणि काय देऊन याल, यावर पुढची बरीच वर्षं अवलंबून असतात.

तर बोलावण्याबद्दल. 'सोमवारी पोराला घेऊन या' हा फोन म्हणजे नोटीस नव्हे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, आधी लेखी नोटीस देऊन बोलवायचं, हे सुप्रीम कोर्टानं 2014 साली अर्णेश कुमार प्रकरणात बजावलंय. ती जुनी 41-अ ची नोटीस आता 35(3) ची झाली. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं लिहून ठेवावी लागतात. आणि जानेवारी 2025 मध्ये कोर्टानं हेही सांगितलं की अशी नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही, रीतसर हातात दिली पाहिजे. तेव्हा हवालदारांना नम्रपणे म्हणा, 'येतो साहेब, नोटीस द्या.' भांडू नका, टाळूही नका. नोटीस आली की तिच्यावर कलम कोणतं आहे ते वाचा, बाकी सगळं त्यावरून ठरतं.

कधीकधी कागद हातात येतो तो वेगळाच असतो. निवडणुका, मोर्चे, जयंत्या आल्या की कार्यकर्त्यांना '149 ची नोटीस' वाटतात, ती तुम्ही ऐकली असेल. आता तिचा नंबर 168. 'दखलपात्र गुन्हा करू नका, केल्यास जबाबदार धरू' एवढाच तिचा अर्थ. तो आरोप नव्हे. घ्यायची, पोच द्यायची, प्रत जपून ठेवायची. त्याहून थोडी त्रासाची चॅप्टर केस, म्हणजे तहसीलदारांपुढे उभं करून चांगल्या वर्तणुकीचा बाँड मागतात. तिथे बाँडवर सही करण्याआधी वकील हवाच, कारण गप्प राहायचा करार करायची मुलाला गरज नाही.

आणि कागदावर 352 असेल, म्हणजे मुद्दाम अपमान करून शांतता भंगाला चिथावणी, तर ती एनसी. अदखलपात्र गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. मग फोन कसला मागता? बदनामीचंही तसंच. 2016 साली सुप्रीम कोर्टानं बदनामी हा फौजदारी गुन्हा म्हणून कायम ठेवला खरा, पण त्यासाठी साहेबांना स्वतः किंवा ज्याला खरोखर झळ बसली त्याला मॅजिस्ट्रेटकडे खासगी फिर्याद लावावी लागते. ठाण्यातला अर्ज त्याला पुरत नाही. रस्ता खरंच कागदावर असेल, तर माझ्या अनुभवात साहेब त्या वाटेला जात नाहीत. कोर्टात रस्त्याचीच फाईल मागवली जायची.

कुणी 'आयटी ॲक्टचं 66-अ लावू' म्हणालं तर घाबरू नका. ते कलम 24 मार्च 2015 ला सुप्रीम कोर्टानं रद्द केलं. त्या लढाईची सुरुवात पालघरहून झाली. 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं ते लाईक केलं, आणि दोघींना अटक झाली. रद्द झालेलं ते कलम पुढेही ठाण्याठाण्यांत लागत राहिलं, इतकं की 2022 साली कोर्टाला पुन्हा आदेश काढावा लागला.

आता फोन. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, योग्य उद्देश हवा, आणि कामापुरताच हात घातला पाहिजे. शेवटची अट तुमच्या कामाची. विषय एका स्टेटसचा आहे. ते कार्यकर्त्याच्या स्क्रीनशॉटमध्ये आहेच. मुलगा ते नाकारत नसेल, तर त्याची गॅलरी, मित्रांच्या गप्पा, बँकेचं ॲप, घरातले फोटो पाहून आणखी काय सापडणार? हा मुद्दा लेखी मांडता येतो. मात्र तो वकिलांनी मांडायचा. मुलानं टेबलासमोर उभं राहून वाद घालायचा नाही, आणि 'हो, मीच केलं, चूक झाली' असा जबाबही सल्ल्याशिवाय लिहून द्यायचा नाही.

पासवर्डवर मात्र सरळ उत्तर नाही. घटनेचं कलम 20(3) म्हणतं, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पण 1961 साली मुंबई राज्याच्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायमूर्तींनी ठरवलं की बोटांचे ठसे, हस्ताक्षर देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे. 2010 साली नार्को चाचणी सक्तीनं करायला कोर्टानं मनाई केली, कारण तिथे माणसाच्या डोक्यातलं बाहेर काढलं जातं. फोनचा नंबर लॉक डोक्यातला की बोटावरचा? कर्नाटक हायकोर्टानं 2021 मध्ये म्हटलं, पासवर्ड देणं ही साक्ष नव्हे, पण त्यासाठी कोर्टाचा आदेश हवा. दिल्ली हायकोर्टानं 2023 मध्ये म्हटलं, आरोपीवर पासवर्डची सक्ती करता येत नाही. यातला कुठलाच निकाल सांगलीच्या ठाण्याला बंधनकारक नाही, पण वकिलांच्या हातात दोन्ही उपयोगी आहेत, कारण 'हवालदार म्हणाले म्हणून लॉक काढा' असं दोन्हींत नाही. एक गोष्ट आजच करा. फोन बोट टेकवून किंवा चेहरा दाखवून उघडत असेल तर ते बंद करून नंबरवर आणा. त्या 1961 च्या निकालामुळे बोटाची बाजू लंगडी आहे.

पासवर्ड मागितला तर मुलाचं उत्तर एवढंच: 'वकिलांशी बोलून लेखी उत्तर देतो.'

फोन जप्तच केला तर विरोध करू नका, पण कागद सोडू नका. जप्तीचा पंचनामा दोन पंचांसमोर व्हायला हवा. त्यात मॉडेल, आयएमईआय नंबर, सिम, मेमरी कार्ड, स्क्रीनला तडा असेल तर तोही. फोन सीलबंद करायचा, चालू ठेवून टेबलावर चाळत बसायचा नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण आता सक्तीचं आहे. ते होतंय का हे विचारा. पंचनाम्याची प्रत मागा. 'नुसता ठेवून जा, उद्या घेऊन जा' असं म्हणाले तर हात जोडून सांगा, पंचनामा करा नाहीतर फोन द्या. अडचणीची निम्मी प्रकरणं मी या 'नुसतं ठेवून जा' मधून सुरू झालेली पाहिलीत. नंतर तो फोन कुणी कधी उघडला, त्यात काय आलं, काय गेलं, कुणालाच सांगता येत नाही. मुद्देमाल वर्षानुवर्षं ठाण्यात धूळ खात ठेवू नये असा सुप्रीम कोर्टाचा 2002 चा निकाल आहे. त्यावर बोट ठेवून मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केला की फोन सुपूर्तनाम्यावर परत मिळवता येतो.

आता मुलाच्या वडिलांचा फोन पुसायचा बेत. तो आजच थांबवा. स्टेटस तर चोवीस तासांत आपोआप गेलंच असेल, त्यात काही वावगं नाही. पण ठाण्याचं बोलावणं आल्यावर फोन फॅक्टरी रिसेट करणं म्हणजे जिथे गुन्हा नाही तिथे पुरावा नष्ट केल्याचा, कलम 238 चा, आरोप स्वतः ओढवून घेणं. उलट मुलाकडे मूळ फोटो आणि ओळी असतील तर जपा. स्क्रीनशॉटमध्ये कुणी एखादी ओळ वाढवली असेल तर तुमचा बचाव त्या मूळ प्रतीतच आहे. शिवाय उद्या खटला झालाच तर नुसत्या स्क्रीनशॉटला फार किंमत नाही. जालन्यात 2014 ची विधानसभा अर्जुन खोतकर 296 मतांनी जिंकले, कैलास गोरंट्याल कोर्टात गेले, आणि निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओवरून भांडण सुप्रीम कोर्टात पोचलं. तिथे 14 जुलै 2020 ला ठरलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. नव्या साक्ष कायद्यात ते कलम 63 मध्ये आलंय आणि आणखी कडक झालंय. हे खटल्याच्या वेळचं शस्त्र आहे, सोमवारचं नव्हे.

वडील ग्रुपचे ॲडमिन आहेत म्हणून घाबरलेत का? 2021 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं गोंदियाच्या प्रकरणात सांगितलंय की सदस्यानं काय टाकलं याचा गुन्हा ॲडमिनवर येत नाही, दोघांचं आधीपासून संगनमत असल्याशिवाय. तुमच्या ग्रुपवर तर स्क्रीनशॉट तिसऱ्यानंच टाकला. ग्रुप 'फक्त ॲडमिन' वर करून ठेवा म्हणजे खाली कुणी पेटवणार नाही. एवढं पुरे.

कॉलेजचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगते. मे 2025 मध्ये पुण्यात इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थिनीनं ऑपरेशन सिंदूरबद्दलची एक पोस्ट पुढे टाकली. धमक्या आल्यावर दोन तासांत काढली, माफीही मागितली. तरी 9 तारखेला कॉलेजनं तिला काढून टाकलं आणि पोलिसांनी अटक केली. 27 मे ला मुंबई हायकोर्टानं तिची सुटका केली, सरकारला खडे बोल सुनावले, आणि कॉलेजचा आदेश स्थगित केला, कारण तिचं म्हणणं न ऐकताच काढलं होतं. तिला परीक्षेला बसता आलं. तेव्हा कॉलेजनं काही कागद दिला तर 'आमचं म्हणणं ऐका' असं लेखी देऊन त्याची पोच घ्या.

पासपोर्ट आणि नोकरीबद्दल शेजाऱ्यांचं ऐकू नका. नुसता अर्ज किंवा एफआयआर म्हणजे कोर्टात प्रलंबित खटला नव्हे, आणि पासपोर्टची अडचण खटल्यापासून सुरू होते. तेव्हाही कोर्टाची परवानगी घेऊन मार्ग निघतो. सरकारी नोकरीच्या फॉर्मवर 'गुन्हा दाखल आहे का' असं विचारलं तर खरं लिहायचं. 2016 च्या अवतार सिंग निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की किरकोळ प्रकरण खरं सांगितलं तर नेमणूक करणाऱ्यानं ते समजून घ्यावं. लपवलं तर मात्र तेच मोठं होतं.

मी पत्रातल्या त्या दोन ओळींवरच बोलतेय, हे मात्र लक्षात ठेवा. स्टेटसमध्ये आणखी काही असेल, साहेबांच्या घरच्या बाईचा फोटो, जातीवरून शेरा, 'हाणा' 'फोडा' असलं काही, तर वरचं बरंच गैरलागू होतं. मुलाला एकट्यानं बसवून, न ओरडता, सगळं विचारा. वकिलांना अर्धं सांगू नका.

राहिलं पाय धरायचं. साहेबांकडे जायचं की नाही हा तुमच्या घराचा निर्णय, गावात राहायचंय तर मी त्यात कायदा आणणार नाही. फक्त तिथे गेलात तर काही लिहून देऊ नका, आणि माफीचा व्हिडिओ तर मुळीच करू देऊ नका. तो व्हिडिओ त्याच रात्री दुसऱ्या बॅनरसारखा फिरेल, आणि कोर्टात कबुली म्हणून पुढे येईल. तोंडी 'साहेब, पोरगं आहे, रस्त्याचं तेवढं बघा' म्हणायला काही हरकत नाही.

वकील परवडत नसेल तर तासगाव कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत जा, किंवा 15100 ला फोन करा. तुम्ही बाई आहात म्हणून तुम्हाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अर्ज मुलाच्या नावानं असेल तर उत्पन्नाचा दाखला किंवा जातीचा दाखला लागू शकतो, तो सोबत ठेवा. सोमवारच्या आत जा. मुलाला घेऊन जा, फोन घरी ठेवून.